रुमाल सोडणारे मास्तर



स्वागताध्यक्षाकडून मराठी माणसाच्या अपेक्षा माफक असतात. मंडप गळू नये, माइक खरखरू नये, चहा वेळेवर यावा आणि यजमान गावाची थोरवी सांगताना स्वारीने अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नये. पहिल्या तीन गोष्टी तरुण कार्यकर्त्यांनी सांभाळल्या आहेत. चौथी खुद्द स्वागताध्यक्षाच्या हातात आहे, आणि ज्याने उभा जन्म तासाची घंटा होईपर्यंत बोलण्यात घालवला त्या मास्तराच्या संयमाची हमी कोणी घेऊ नये.

गाव कराड. इथे आलेल्या पाहुण्याला कृष्णा-कोयनेच्या संगमावर न्यायचे, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला हात जोडायला लावायचे आणि परतताना मनोरे दाखवायचे, ही रीत आहे. ती उद्या सकाळी पाळली जाईल. पण या गावाचा फार जुना दाखला गावात नाही. तो आहे मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर. तिथल्या ब्राह्मी लेखांत ‘करहकट’ नगराने दिलेल्या दानाची नोंद आहे. तो कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये उभा आहे. इकडे रायगड जिल्ह्यातल्या कुड्याच्या लेण्यांत कराडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचे कोरलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथला एक माणूस लोखंड विकत होता, गाठीला पैसा बांधून होता आणि आपले नाव दगडावर राहावे अशी त्याची इच्छा होती. इथल्या आगाशिवाच्या लेण्यांवर दर पावसाळ्यात सहली जातात. मुले डबे उघडतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. या महिकशेठची ओळख त्यांना कोणी करून देत नाही. परीक्षेत तो येत नाही ना!

परीक्षेचा विषय निघालाच आहे तर तो उरकून घेऊ. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची पत्रिका असते. त्यामुळे पालक विचारतात, याचा पुढे उपयोग काय? प्रश्न उद्धट नाही. फ्रान्समधला मोठा इतिहासकार मार्क ब्लोक याने आपल्या शेवटच्या पुस्तकाची सुरुवातच एका लहान मुलाच्या अशा प्रश्नाने केली आहे: इतिहासाचा उपयोग काय, ते सांगा. ते पुस्तक त्याने जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये लिहायला घेतले आणि ते अपुरेच राहिले, कारण भूमिगत चळवळीत असताना तो पकडला गेला आणि १६ जून १९४४ रोजी लिऑंजवळ जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. त्या जून महिन्यात आपल्या कृष्णाकाठीही एक भूमिगत सरकार चालू होते. त्याच्याकडे पुढे यायचेच आहे.

आधी साताऱ्यात अलीकडे घडलेली एक गोष्ट. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. लोकांनी रांगा लावल्या, लहान मुलांना खांद्यावर घेऊन दाखवले, कित्येकांनी काचेपुढे हात जोडले. त्या भावनेला कोणी हसू नये. त्याच वेळी वर्तमानपत्रांतून वाद पेटला: ही महाराजांनी वापरलेलीच का? लंडनच्या संग्रहालयाने स्वतः सांगितले आहे की हेच ते हत्यार, याची खात्री करता आलेली नाही. वाघनखांबरोबर जी पेटी आहे, तिच्यावरचा इंग्रजी मजकूर असे म्हणतो की शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारले ते हे शस्त्र असून साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफला ते पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाले.

आता हा मजकूर आठवीच्या वर्गापुढे ठेवून पाहावा. पहिल्या बाकावरची मुलगी लगेच सांगेल की अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. एक चूक इथेच सापडली. मग दुसरा प्रश्न: छत्रपतींच्या घराण्यातली वस्तू पेशव्यांच्या प्रधानाकडे केव्हा आणि कशी गेली? तिसरा: प्रतापगडाच्या पायथ्याची भेट १६५९ सालची, डफ साहेब साताऱ्यात आला १८१८ साली, मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत ही वस्तू कोणी पाहिल्याची, कोणत्या यादीत चढवल्याची नोंद आहे का? चौथा: मजकूर लिहिला कोणी आणि केव्हा? चार प्रश्न झाले आणि महाराजांच्या पराक्रमाला कुठे ओरखडाही उठला नाही. पेटीवरच्या मजकुराचे वजन मात्र मुलांनी स्वतःच्या हाताने तोलून पाहिले. इतिहासाच्या तासाला होण्यासारखे काम ते हेच, आणि ते करायला सातारा-सांगलीसारखा मुलूख शोधून सापडायचा नाही.

कारण मराठ्यांच्या इतिहासाचा धंदाच, म्हणजे कागद शोधणे, वाचणे, ताडून पाहणे हा उद्योग, या पट्ट्यात वाढला. त्याची सुरुवातही त्याच डफ साहेबापासून होते. हा स्कॉटलंडचा लष्करी अधिकारी १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यात होता. प्रतापसिंह महाराजांचा कारभार त्याच्या देखरेखीखाली चाले, आणि कारभार बघता बघता तो दप्तरे चाळी, बखरींच्या नकला करून घेई, जुन्या घराण्यांतल्या लोकांना बोलते करी. प्रकृती बिघडल्यावर तो मायदेशी गेला आणि १८२६ साली त्याचा तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहास लंडनमध्ये छापला गेला. इतिहास लिहिण्याची त्याची चिकाटी दांडगी होती, हे त्याच्या टीकाकारांनाही कबूल करावे लागले. पण ज्या राजाचे राज्य आपल्या हाताखाली, त्याच्या पूर्वजांचा इतिहास लिहिताना लेखणी कोणत्या बाजूला कलते, हे ओळखायला चार दशके लागली. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने डफच्या इतिहासावर टीका लिहिली आणि मराठी वाचकाला पहिल्यांदाच कोणीतरी बजावले की साहेबाचे पुस्तक जाडजूड आहे, पण म्हणून ते शेवटचे नाही. विद्यार्थ्याने पुस्तकाला प्रश्न विचारला. आजच्या किती वर्गांत असा प्रश्न विचारू दिला जातो, हे इथे बसलेल्यांनी मनातल्या मनात मोजावे. स्वागताध्यक्षाने आपल्या नोकरीत तो किती वेळा विचारू दिला, हा आकडा तो जाहीर करणार नाही.

डफने साधने पाहिली, पण वाचकाला दाखवली नाहीत. ती दाखवण्याचे काम एका शाळामास्तराने केले, आणि या मास्तरापाशी थोडे थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वासुदेवशास्त्री खरे मूळचे गुहागरचे. १८५८ चा जन्म. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायला आले आणि तिथलेच झाले. दिवसा रूपे आणि धातू, संध्याकाळी कविता आणि नाटके, असे सुखाचे आयुष्य चालले होते. मिरजेला पटवर्धन सरदारांची दप्तरे होती. दप्तर म्हणजे काय, हे आजच्या मुलाला सांगावे लागते, कारण त्याच्या लेखी दप्तर म्हणजे पाठीवरचे ओझे. जुन्या काळी कागदांच्या लांब गुंडाळ्या आणि चळती कापडात बांधून ठेवीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. रुमालांनी भरलेली खोली म्हणजे दप्तर. खरेशास्त्र्यांनी ते रुमाल सोडले. धुळीने शिंका, कसरीने चाळणी झालेले कागद, कुठे पाण्याने फुटलेली शाई, आणि सगळे मोडीत.

मोडी वाचता येणे म्हणजे अक्षरे ओळखणे एवढेच असते, तर कोणीही चार महिन्यांत इतिहासकार झाला असता. कारकून आधी डावीकडून उजवीकडे लांब रेघ ओढतो आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे तिला लटकवत जातो. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. विरामचिन्हे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. शब्द कुठे संपला हे अर्थावरून ठरवायचे आणि अर्थ काय हे शब्द कुठे संपला यावरून! त्यावर कडी तारखेची. पेशवाईतल्या पत्रांत बहुधा ‘छ’ म्हणून चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो. साल मात्र असतेच असे नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत होते, मग लिहायचे कशाला? जिथे असते तिथे ते शुहूर सनाचे, तेही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे साल मृगाला सुरू होते आणि जानेवारी मध्येच येते. उत्तर आले १७६२-६३. ज्या पत्रात एवढेही नाही, तिथे मजकुरातली लढाई, कोणाचे बारसे, कोणाचा मृत्यू, नदीचा पूर यांवरून साल पकडायचे. गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी इतिहासाला पाठांतराचा विषय म्हणण्यापूर्वी असे एक पत्र सोडवून दाखवावे, ही नम्र विनंती.

१८९७ पासून खरेशास्त्र्यांनी ही पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला घेतली. त्यांच्या हयातीत बारा खंड निघाले. पुढचे काम त्यांच्या मुलाने चालवले. खंड नुसते चाळले तरी कळते की हा इतिहास फक्त रणांगणाचा नाही. मोहिमेवरचा पटवर्धन घरी लिहितो त्यात कूच आणि मुक्काम आहेत, शत्रूच्या हालचाली आहेत, तसाच सावकाराचा तगादा आहे, दाण्या-वैरणीची महागाई आहे, आजाऱ्याची विचारपूस आहे. शास्त्रीबोवांनी प्रत्येक कालखंडाला प्रस्तावना जोडली, संदर्भ लावून दिले, आणि हे सगळे शाळेचे वेळापत्रक सांभाळून. वरून कोणी प्रकल्प मंजूर केला नव्हता. मिरजेच्या शाळेतला एक मास्तर आणि त्याच्यापुढे सोडलेला रुमाल, इतक्यावर मराठेशाहीच्या उत्तरार्धाचा इतिहास उभा राहिला.

उत्तरेला वाईत तोच प्रकार जवळजवळ त्याच वर्षांत चालला होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना वाईच्या एरंड्यांच्या घरी कागद सापडले, त्यांत पानिपतच्या मोहिमेची पत्रे निघाली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पुढे बावीस खंड झाले. राजवाडे बखरींवर किती चिडत, हे त्यांच्या प्रस्तावनांत दिसते. त्यांच्या लेखी घडल्या वेळी लिहिलेला अस्सल कागद एका पारड्यात आणि मागाहून आठवणीने लिहिलेली बखर दुसऱ्यात, आणि काटा कुठे झुकतो याबद्दल त्यांना शंका नव्हती. बखरींवर त्यांनी जरा अन्यायच केला, असे स्वागताध्यक्षाचे मत आहे. बखर तारखा चुकते, पण लोकांना काय खरे वाटत होते ते सांगते, आणि तीही माहितीच असते.

साताऱ्याच्या वाट्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस आले. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या दप्तरातले कागद, चित्रे, नाणी असा मोठा संग्रह त्यांनी केला, १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवले आणि त्यांच्या धडपडीतून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. पारसनीस १९२६ साली गेले. १९३९ मध्ये तो संग्रह साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तिथे तो जपला गेला, अभ्यासकांना खुला झाला, हे चांगलेच. तरीही मेणवलीच्या घाटावर वसईच्या स्वारीतून आलेली ती पोर्तुगीज घंटा पाहिली की मनात येते, घंटा जड होती म्हणून राहिली. कागद हलके, ते गेले.

कागद नाहीत म्हणून रडण्याचेही कारण नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर सगळ्यांनी पाहिली असेल. शिवलिंगाच्या आकाराची, आत छोटा महाल, दगडात कोरलेले वाघ आणि हत्ती. शिलालेख सांगतो की ती विरूबाई भोसल्यांनी बांधली, आणि काळ देतो १६४१ ते १६४६. मोबाइलवर फिरणाऱ्या लेखांतून हेच आकडे इसवी सन म्हणून बिनदिक्कत छापले जातात. म्हणजे विहीर शिवाजी महाराज दहा-अकरा वर्षांचे असताना बांधायला घेतली! पण विरूबाई शाहू महाराजांच्या राणीवशातल्या, आणि शाहू महाराज जन्मले १६८२ साली. शाहूंच्या जन्माआधी चाळीस वर्षे विहीर बांधणारी बाई साताऱ्यातसुद्धा झालेली नाही. लेखातले आकडे शालिवाहन शकाचे आहेत. ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ येतात आणि शाहूंच्या साताऱ्यात सगळे जागच्या जागी बसते. पाचवीच्या मुलाला जमेल अशी ही बेरीज. ती न केल्यामुळे पाऊणशे वर्षांची चूक हजारो फोनांतून फिरते आणि ती पुढे पाठवणाऱ्यांत पदवीधरांची संख्या लक्षणीय असते.

एवढे सगळे गोड बोलून झाले. आता थोडे कडू. स्वागताध्यक्षाने असले काही बोलू नये असा संकेत आहे, पण संमेलन इतिहासाचे आहे.

पटवर्धनांचा या भागाला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. सांगली त्यांनी वसवली, वाढवली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगले ते त्यांच्याच आश्रयाने. पण याच घराण्यातले परशुरामभाऊ १७९१ साली टिपूवरच्या स्वारीत असताना त्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचा मठ, लुटणारे मराठी फौजेतले, आणि मठाच्या पुनःस्थापनेला मदत धाडणारा टिपू सुलतान. त्याने स्वामींना लिहिलेली कानडी पत्रे मठात जपलेली होती. १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांनी ती उजेडात आणली. याच टिपूने कुर्गात आणि मलबारात काय केले, त्याचेही कागद आहेत. मग वर्गात सांगायचे काय? दोन्ही. ज्या मुलाला वाटते की आपले तेवढे सोवळे आणि परके तेवढे ओवळे, त्याला शृंगेरीचे पान वाचून थोडा त्रास होईल. होऊ द्यावा. खरेशास्त्री पटवर्धनांच्या गावात राहत होते, त्यांच्याच दप्तरावर काम करत होते आणि ते दप्तर त्यांनी लोकांपुढे मांडले. आश्रयदात्याचे कागद उघडे करणारा तो मास्तर भित्रा खासच नव्हता.

आता कृष्णाकाठचे ते दुसरे सरकार. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार झाला, माणसे पडली आणि इथल्या तरुणांनी ठरवले की मोर्चे पुरे. नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ पासून गावोगाव प्रतिसरकार चालवले. न्यायमंडळे बसली, दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला, कमी खर्चाची गांधी लग्ने लागली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा सरकारी खजिना हस्तगत केला.

याला साताऱ्याचे प्रतिसरकार म्हणतात, आणि इथेच बाहेरच्या अभ्यासकाचा घोटाळा होतो. कुंडल, वाळवे, येडेमच्छिंद्र ही नावे नकाशात शोधायला जावे तर ती सांगली जिल्ह्यात. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आज मंडपात दोन जिल्ह्यांचे दोन फलक लागले आहेत, ते लावणाऱ्यांचे आजोबा एकाच जिल्ह्यात फरारी होते.

‘पत्री सरकार’ या नावाची कथाही ऐकण्याजोगी. बैलाच्या खुराला ठोकतात तशी पत्री गुन्हेगाराच्या पायाला ठोकत, म्हणून पत्री सरकार, असे जुनी माणसे रंगवून सांगतात. प्रत्यक्षात तळपायांवर काठीने फटके देत, असे चळवळीतल्यांनी सांगून ठेवले आहे. आणि ‘प्रति’चे बोलता बोलता ‘पत्री’ झाले असेल, हेही सहज शक्य आहे. यातले पहिले उत्तर सगळ्यात चविष्ट आहे. म्हणूनच त्याच्याकडे सगळ्यात जास्त संशयाने पाहावे.

कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, शेणोलीच्या हल्ल्याचे एक नेते. म्हातारपणी पत्रकार पी. साईनाथ त्यांना भेटले, तेव्हा आम्ही गाडी लुटली हे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. इंग्रजांनी लोकांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे. पोलिसांच्या फायलीत ‘दरोडा’, पाठ्यपुस्तकात ‘लूट’, आणि ज्याने ते केले त्याच्या तोंडी ‘परत आणणे’. एका घटनेचे तीन शब्द. कोणता शब्द वापरायचा हे ठरवताना मूल जे शिकते, त्याला गुणपत्रिकेत रकाना नाही.

नाना पाटलांची मुलगी हौसाबाई. भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर तिने आणि एका सहकाऱ्याने नवरा-बायकोचे भांडण मांडले. मारहाण खरीच वाटावी इतकी जोरात. पोलिस भांडण सोडवायला बाहेर आले आणि मागच्या मागे बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. सरकारी कागदात फार तर बंदुका चोरीला गेल्याची नोंद मिळेल. भांडण, मार, आणि मग मार खाल्लेल्या पाठीचे काय झाले, हे सांगायला हौसाबाईच हव्या होत्या. त्या २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. त्यांचे बोलणे टिकले ते कोणीतरी वेळेवर जाऊन बसले म्हणून. कोयनेचा १९६७ चा भूकंप आठवणारी, ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा माळ्यावर रात्र काढलेली माणसे अजून पारावर बसतात. त्यांच्याकडे वही घेऊन मुले पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटचा कागद साताऱ्याच्या शाळेतला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरला नाव भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवणारा हा मुलगा. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन पाळला जातो. ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली, त्याला आपण इतिहासाचे साधन तयार करतो आहोत याची गंधवार्ता नसणार. त्याच्यापुढे एक मूल उभे होते आणि एक रकाना रिकामा होता.

अशी जनरल रजिस्टरे शंभरी ओलांडलेल्या प्रत्येक शाळेत आहेत. नाव, जात, बापाचा धंदा, दाखल तारीख, आणि उजवीकडे तो निर्दय रकाना: शाळा सोडल्याचे कारण. ‘गुरे राखण्यास’, ‘गाव सोडले’, ‘लग्न’ असे काही. कोणत्या दशकात मुली किती आल्या आणि कोणत्या इयत्तेत गळाल्या, प्लेगच्या साली पट किती उतरला, रयत शिक्षण संस्थेचे वसतिगृह निघाल्यावर कोणत्या वाडीची मुले पहिल्यांदा दिसू लागली, हे सगळे त्या एका कपाटात आहे. रयतेची स्थापना १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी इथून हाकेच्या अंतरावर काल्यात केली. मिरजेचे खरेशास्त्री तेव्हा हयात होते. त्यांच्यापुढे राजघराण्याचे दप्तर होते. आजच्या मास्तरांपुढे रयतेचे दप्तर आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात पडून आहे.

स्वागताध्यक्षाचा वेळ केव्हाच संपला, हे समोरच्या कार्यकर्त्याच्या चेहऱ्यावरून कळते आहे. तेव्हा फक्त सूचना. दुपारच्या सत्रात डाव्या हाताच्या वर्गखोलीत तीन रुमाल ठेवले आहेत. एक कुलकर्ण्यांच्या वाड्यातला, एक पेठेतल्या दुकानाच्या माळ्यावरचा, एक शाळेच्या कपाटातला. त्यांत काय आहे ते संयोजकांनाही पुरते ठाऊक नाही. मोडीचे जाणकार मदतीला आहेत, प्रत्येक टेबलाला भिंग दिले आहे. थुंकी लावून पान उलटू नये, पेन जवळ ठेवू नये, टिपणे पेन्सिलीने घ्यावीत. आणि जेवणात बाजरीची भाकरी व हिरव्या मिरचीचा खर्डा आहे, त्याला तेल सढळ हाताने सोडले आहे. तेव्हा त्या खोलीत शिरण्याआधी साबणाने हात धुवावेत, बाहेर दोन बादल्या आणि टॉवेल ठेवले आहेत.